जेवण बंद होणं वेगळं, गॅली कापली जाणं वेगळं

विमान कंपनीने सीटा वाढवल्याची बातमी आली की ठरलेली रड सुरू होते. आधी फुकटचं जेवण गेलं, मग गरम जेवण गेलं, आता किचनच काढून तिथे सीटा बसवल्या, सगळा एकच हावरटपणा. हावरटपणाबद्दल वाद नाही, तो आहेच. पण ट्रेमधला पदार्थ काढून घेणं आणि ट्रे ठेवायची जागाच, म्हणजे गॅली, विमानातून काढून टाकणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची सरमिसळ झाली की कशाबद्दल तक्रार करायची आणि कशाची आशाच सोडायची, हे कळेनासं होतं.

सेवा कापणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार शाई नको. मेनू आखडतो, सँडविचला पैसे पडतात, उशी मागूनही मिळत नाही. हा सगळा कागदावरचा कारभार. खानपान विभाग एक परिपत्रक काढतो, कंत्राट बदलतं आणि पुढच्या महिन्यापासून ट्रे दिसेनासा होतो. जसा जातो तसा परतही येऊ शकतो. २०२० मध्ये कोविडच्या साथीत जगभरच्या कंपन्यांनी विमानातलं जेवणखाण थांबवलं किंवा बंद पाकिटावर आणलं, आणि पुढे अनेकांनी ते पुन्हा सुरू केलं. त्यासाठी विमानातला एक स्क्रूही हलवावा लागला नाही.

त्या ऑलिव्हच्या गोष्टीचा मला आता मनापासून वीट आला आहे. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी ऐंशीच्या दशकात सॅलडमधलं एक ऑलिव्ह काढायला लावलं आणि वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले, असं सांगितलं जातं. विमानात सीटा कशा वाढल्या हे समजावणाऱ्या प्रत्येक लेखात हे ऑलिव्ह हजर असतं. ऑलिव्ह काढल्याने एक तरी सीट वाढली का? तो खर्चातल्या काटकसरीचा किस्सा आहे, त्याचा जागेशी काडीचा संबंध नाही. शंभर ऑलिव्ह काढली तरी ट्रॉली तेवढीच राहते आणि तिचा खणही तेवढाच.

खरा घोळ गॅलीबद्दल आहे. लोकांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर येतं, म्हणून त्यांना वाटतं की जेवण बंद झालं की ते ओस पडत असणार आणि मग तिथे सीटा येत असणार. गॅलीत कुणी काही शिजवत नाही. अन्न जमिनीवरच्या किचनमध्ये शिजतं, तिथेच थंड केलं जातं आणि विमानात नुसतं तापवलं जातं. गॅली म्हणजे खणाखणांचं एक उंच कपाट: काही खणांत ओव्हन, एखाद्यात चहा-कॉफीसाठी पाणी उकळणारं यंत्र, खाली ट्रॉल्या आणि कुठेतरी कचरा. पूर्ण आकाराची ट्रॉली साधारण ३० सेंटिमीटर रुंद, ८० सेंटिमीटर खोल आणि मीटरभर उंच. ती अरुंद बाजूने आत ढकलतात आणि वरची फिरती कडी आडवी करून अडकवतात. उष्टे ट्रे परत त्याच ट्रॉलीत जातात. म्हणजे जेवण वाटून संपलं तरी खण मोकळा होत नाही. एका फेरीचं सामान उतरवायला वेळ नसेल तर परतीच्या फेरीचं सामानही निघतानाच भरून न्यावं लागतं. त्यामुळे खाणं विकत देणाऱ्या कंपनीलाही गॅली लागतेच. उलट विक्री हीच तिची कमाई असते.

आता जागेचा हिशेब, कारण घसरायला होतं ते इथेच. एअरबस ए३२० मध्ये एका रांगेत सहा सीटा. तीस रांगा म्हणजे १८०, आणि बरीच वर्षं या विमानाची ती कमाल होती. दोन सीटांमधलं अंतर, म्हणजे पिच, ३० इंच धरलं तर या तीस रांगांना ९०० इंच लागतात. पिच २९ इंचांवर आणलं तर ३१ रांगांना ८९९ इंच पुरतात. विमान तेवढंच, गॅली तेवढीच, आणि सहा सीटा जास्त. प्रत्येक प्रवाशाकडून एकेक इंच वसूल करून ही रांग उभी राहिली.

दुसरा रस्ता असा. पिच ३० च ठेवायचं आणि एकतिसाव्या रांगेचे ३० इंच मागच्या भागातून काढायचे. जुन्या मांडणीत ए३२० च्या मागच्या दारांच्या अलीकडे, म्हणजे प्रवाशांच्या बाजूला, दोन टॉयलेट होती आणि दारांच्या पलीकडे विमानाच्या रुंदीभर गॅली. एअरबसच्या 'स्पेस-फ्लेक्स' मांडणीत टॉयलेट उचलून मागे, गॅलीच्या जागेत नेली आणि उरलेल्या जागेत गॅली आखडून बसवली. टॉयलेटची जुनी जागा सीटांना मोकळी झाली. ईझीजेटसारख्या कंपन्यांच्या ए३२० मध्ये १८६ सीटा दिसतात त्या अशा मांडणीमुळे.

दोन्ही रस्त्यांनी आकडा एकच येतो, १८६. नुसता आकडा वाचून "पुन्हा गुडघे दाबले" असं म्हणणाऱ्याला म्हणूनच काहीही कळलेलं नसतं. पहिल्या रस्त्यात बाराव्या रांगेतल्या माणसाचा इंच जातो. दुसऱ्यात त्याचं काहीच जात नाही. जातं ते मागच्या दाराशी काम करणाऱ्या क्रूचं, आणि टॉयलेटला उठणाऱ्या प्रत्येकाचं. पूर्वी टॉयलेटची रांग सीटांमधल्या वाटेत लागायची, आता ती गॅलीच्या तोंडाशी लागते. ओव्हनचं दार उघडून एक जण गरम ट्रे बाहेर ओढतो आहे, दुसरा ट्रॉलीची कडी सोडवतो आहे, आणि मध्ये दोन प्रवासी भिंतीला पाठ लावून आपला नंबर कधी येतो याची वाट बघत उभे आहेत. सेवा हळू का, असं विचारणाऱ्यांनी एकदा मागे जाऊन हे बघावं. एक गोष्ट मात्र या मांडणीच्या बाजूने सांगायला हवी. शेजारी-शेजारी आलेल्या दोन टॉयलेटमधली भिंत सरकवून चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशासाठी एक मोठं टॉयलेट करण्याची सोय तिच्यात करता येते. जुन्या अरुंद डब्यांत हे शक्य नव्हतं.

सेवा आणि गॅली यांतला सगळ्यात मोठा फरक परतीचा आहे. ट्रे परत आणायला परिपत्रक पुरतं, गॅली परत आणायला विमान हँगरमध्ये घ्यावं लागतं. सीटा रुळांवर असतात, त्या सरकवणं त्यातल्या त्यात सोपं. पण गॅलीला वीज लागते, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या लागतात. टॉयलेट हलवलं की त्याची टाकीकडे जाणारी जोडणी हलते. प्रत्येक रांगेवर ऑक्सिजनचे मास्क, दिवे आणि हवेची भोकं असतात, ती नव्या रांगांशी जुळवावी लागतात. शिवाय या सगळ्याला विमानसुरक्षा यंत्रणेची मंजुरी लागते. विमान वीस-पंचवीस वर्षं उडतं आणि एवढ्या काळात अशी उलथापालथ एखाद-दोनदाच परवडते. म्हणून "लोकांनी बोंब मारली की परत देतील" ही आशा ट्रेच्या बाबतीत रास्त आहे आणि गॅलीच्या बाबतीत भाबडी.

क्रमाबद्दलही लोक गल्लत करतात. जेवण बंद झालं म्हणून गॅली गेली, असं दरवेळी नसतं. कित्येकदा जेवण बंद होतं आणि गॅली तशीच राहते. ओव्हन रिकामे फिरत राहतात, फार तर वजन वाचवायला काढून ठेवतात. कधी उलटं होतं. नव्या विमानात गॅली कारखान्यातूनच लहान येते, जेवण चालूच राहतं, आणि मग खणांत मावेल तेवढाच मेनू ठरतो. त्यामुळे दोन पदार्थांतून निवड करायला मिळेनाशी झाली की ती नेहमीच स्वयंपाक्यावरची काटकसर नसते. दोन्ही पदार्थ पुरेसे न्यायला ट्रॉल्यांना जागाच नसते.

आणि हो, गॅली कापली की वाटेल तेवढ्या सीटा बसवता येतात असं नाही. दारं किती आणि कोणत्या आकाराची, यावर प्रवाशांची कमाल ठरते. भरलेलं विमान अर्धी दारं बंद ठेवून ९० सेकंदांत रिकामं करता आलं पाहिजे, हा निकष आहे. बोईंग ७३७-८०० ची कमाल १८९. रायनएअरला त्याच्या नव्या पिढीत, ७३७ मॅक्समध्ये, १९७ सीटा हव्या होत्या, तेव्हा नुसती आतली जागा आवळून भागलं नाही. बोईंगने मॅक्स ८-२०० या प्रकारात पंखांच्या मागे दारांची आणखी एक जोडी दिली. रायनएअरने २०१४ मध्ये ऑर्डर दिली आणि पहिलं विमान २०२१ मध्ये मिळालं. नावातल्या २०० मागेही हिशेब आहे. दर ५० सीटांमागे एक क्रू हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो, म्हणजे २०० पर्यंत चौघे पुरतात. १८० लाही चौघे, १८६ लाही चौघे, १९७ लाही चौघे. वाढलेल्या रांगेचा पगार शून्य, तेच चौघे आणखी माणसं सांभाळणार. हाच नियम उलटाही फिरतो. जेटब्लूने २००७ च्या सुमारास आपल्या ए३२० मधली एक रांग काढून १५६ च्या १५० सीटा केल्या, कारण त्यामुळे क्रूचं एक माणूस कमी झालं. पायांना जागा वाढल्याचं कौतुक बोनस म्हणून पदरात पडलं.

पिचबद्दल एवढंच. २०१७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ७३७ मॅक्समधल्या काही रांगांना २९ इंच पिच द्यायचं ठरवलं, गदारोळ झाला आणि कंपनी ३० वर आली. गदारोळ इंचासाठी झाला. त्याच विमानातलं टॉयलेट अरुंद झालं होतं, त्याबद्दलची ओरड मागाहून सुरू झाली आणि ते टॉयलेट काही रुंद झालं नाही. पातळ पाठीच्या सीटांमुळे तेवढ्याच पिचमध्ये गुडघ्यांना थोडी जास्त जागा मिळते, हे कंपन्या सांगतात आणि ते खरं आहे. बसायला त्या पाटासारख्या वाटतात हेही तितकंच खरं.

माझं विचाराल तर सेवा कापणाऱ्या कंपनीवर माझा फारसा राग नाही. तिकीट स्वस्त, डबा घरचा, हिशेब साफ. छोट्या उड्डाणात लहान गॅलीही चालून जाते. पण आता सीटांमध्ये एकच वाट असलेली विमानं फार लांब जाऊ लागली आहेत. ए३२० च्याच घराण्यातल्या ए३२१ एक्सएलआरचा पल्ला ८,७०० किलोमीटरचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये इबेरियाने ते सगळ्यात आधी उडवलं, १८२ सीटांनिशी. विझ एअरच्या त्याच विमानात २३९ आहेत. हा फरक एकट्या गॅलीचा नाही. इबेरियाच्या बिझनेस क्लासमधल्या १४ पलंगसीटा बरीच जागा खातात. पण सात तासांच्या प्रवासात २३९ माणसांचं खाणं, पाणी आणि कचरा किती खणांत बसवायचा, हा प्रश्न कोणत्याही परिपत्रकाने सुटणारा नाही.

आपल्या विमानात नेमकं काय झालंय हे तिकीट काढतानाच बघता येतं. विमान ए३२० असेल तर सीटांच्या नकाशात मागची टॉयलेट शोधा. ती शेवटच्या रांगेला खेटून, वाटेच्या दोन्ही बाजूंना असतील तर मांडणी जुनी. शेवटच्या रांगेमागे दारं आणि दारांच्याही मागे टॉयलेट असतील तर गॅली आखडलेली. रांगांचे आकडे मोजताना सावध राहा, काही कंपन्या १३ हा आकडा गाळतात, त्यामुळे ३२ नंबरची रांग प्रत्यक्षात एकतिसावी असते. आणि नव्या मांडणीत शेवटच्या दोन रांगा शक्यतो टाळा. फ्लशचा आवाज, ट्रॉल्यांची खडखड आणि रांगेतल्या लोकांचे कोपर, तिन्ही तिथेच पोचतात.