रेकॉर्डमध्ये न दिसणारं कुटुंब

दोन पुरुष कित्येक वर्षं एकत्र राहतायत आणि दोघंही परदेशात जातात, एक नोकरीच्या व्हिसावर आणि दुसरा स्टुडंट व्हिसावर, कारण अनेक देशांत त्यांना जोडीदार म्हणून व्हिसा मिळतच नाही. सरकारी रेकॉर्ड बघाल तर दोन सुटी माणसं आली, बस. एक कुटुंब आलं हे कुठेच दिसत नाही, आणि क्विअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) कुटुंबांच्या स्थलांतरावर रिसर्च करणाऱ्याची खरी अडचण इथेच सुरू होते.

ही कल्पना नाही. अमेरिकन नागरिक रिचर्ड अ‍ॅडम्स आणि ऑस्ट्रेलियाचे अँथनी सुलिव्हन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोत लायसन्स घेऊन लग्न केलं, तरी इमिग्रेशन खात्याने सुलिव्हनना नवरा मानलं नाही आणि १९८२ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम ठेवलं. अशा जोडप्यांना ग्रीन कार्डची वाट मोकळी झाली ती थेट २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर.

बरं, मोजायला गेलं तरी आकडे फसवतात. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत समलिंगी जोडप्यांची घरं आधी सुमारे ९ लाख निघाली, मग सेन्सस ब्यूरोनेच सुधारित अंदाज दिला साधारण ६ लाख ४६ हजार! झालं असं की स्त्री-पुरुष जोडप्यांची संख्या प्रचंड, त्यातल्या अगदी थोड्यांनी फॉर्मवर लिंगाच्या चौकटीत चुकून भलतीच खूण केली तरी ती सगळी जोडपी समलिंगी म्हणून मोजली जातात, आणि छोट्या गटाचा आकडा त्यानेच फुगतो.

म्हणून मुलाखती लागतात. आणि तिथे 'घरी कोण कोण असतं' हा प्रश्न मला फार कमकुवत वाटतो. त्यापेक्षा विचारावं, हॉस्पिटलच्या फॉर्मवर कोणाचा नंबर देता, भाडं कोणाबरोबर भरता, पैसे कोणाला पाठवता, आईचा व्हिडिओ कॉल आला की खोलीतून कोण बाहेर जातं. या शेवटच्या प्रश्नावर माणसं खूप वेळ बोलतात. उत्तरं कागदावर मांडली की जुना रूममेट, पूर्वीचा पार्टनर, मैत्रीण अशी माणसं मधोमध येतात. मानववंशशास्त्रज्ञ कॅथ वेस्टन यांनी १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को भागात अशीच निवडलेली कुटुंबं अभ्यासली होती. पण म्हणून रक्ताची नाती तुटतात असंही नाही. क्विअर माणूस घरापासून पळायलाच देश सोडतो ही समजूत अर्धवट आहे, न्यूयॉर्कमधल्या फिलिपिनो गे पुरुषांवरचं मार्टिन मनालान्सन यांचं काम वाचलं की कळतं घराशी असलेलं नातं किती टिकून राहतं.

यात सगळ्यात जपायचं ते माणसाला. नुसतं नाव बदलून भागत नाही, शहर, नोकरी आणि मूळ देश एकत्र लिहिले की छोट्या समाजात लगेच ओळख पटते, आणि ती बातमी गावी पोचू शकते. म्हणून लिहिलेली मुलाखत आधी त्या माणसाला वाचायला द्यायची आणि तो म्हणाला बहिणीचा उल्लेख नको, तर काढायचा, चॅप्टर कितीही फिका पडला तरी.