पॉकेट लॅपटॉप की स्टिक पीसी?

‘खिशात मावणारा कम्प्युटर’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक पॉकेट लॅपटॉप: सात-आठ इंची स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी, सगळं अंगचं. दुसरी स्टिक पीसी: जाडजूड पेनड्राइव्हसारखी कांडी, टीव्हीच्या किंवा मॉनिटरच्या एचडीएमआय पोर्टात खोचायची. दोन्हींवर पूर्ण विंडोज चालतं, तिथेच गफलत होते. प्रवासात काम करायचं म्हणून कोणी कांडी घेतली, तर गाडीत बसल्यावर कळतं की तिला ना स्क्रीन आहे, ना कीबोर्ड, ना बॅटरी.

कांडीचं आधी सांगून टाकतो. इंटेलची कॉम्प्युट स्टिक २०१५ साली आली. विंडोजवाल्या मॉडेलमध्ये २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज. पूर्ण आकाराचा यूएसबी पोर्ट एकच, म्हणजे वायरचा कीबोर्ड लावला की माउसला जागा उरत नाही; हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी जोडणी) घ्यायचा, नाहीतर ब्लूटूथवर भागवायचं. ३२ जीबीत विंडोज बसल्यावर मोठ्या अपडेटच्या वेळी जागेची ओढाताण ठरलेली. पॉवरची वायर निसटली की यंत्र तिथल्या तिथे बंद. तरीही एखाद्या टीव्हीमागे कायमचं लावून माहितीफलक चालवायचा असेल, तर हिच्यासारखी सुटसुटीत वस्तू नाही.

खरा विचार करावा लागतो तो पॉकेट लॅपटॉपचा. २०१७ साली आलेल्या जीपीडी पॉकेटचंच बघा: ७ इंची स्क्रीन, ८ जीबी रॅम, वजन साधारण अर्धा किलो. शर्टाच्या खिशात नाही, पण जाकिटाच्या खिशात जातो. फोनवर न चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर यावर चालतं, चार्जिंग टाइप-सीने होतं. बाहेर असताना अचानक एखादी फाइल दुरुस्त करून पाठवायची असेल, तर हा अक्षरशः तारून नेतो.

पण डोळ्यांचं काय? १९२०×१२०० पिक्सेल सात इंचांत कोंबले की अक्षरं मुंगीएवढी होतात. स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरच्या अक्षरांचा आणि खिडक्यांचा आकार, २०० टक्के केलं की वाचता येतं, मात्र कामाला जागा उरते ९६०×६०० एवढीच. जुन्या सॉफ्टवेअरची उंच खिडकी उघडली की तिचं ‘ओके’ बटण स्क्रीनच्या खाली गडप होतं. म्हणून माझं स्पष्ट मत: हा दुसरा कम्प्युटर म्हणून उत्तम, एकुलता एक म्हणून नको.

कीबोर्डबद्दल तर मराठीत लिहिणाऱ्यांनी जास्तच जपायला हवं. जागा वाचवायची तर उजव्या कडेची विरामचिन्हांची बटणं बारीक होतात किंवा भलतीकडे हलतात. इंग्रजीत त्याने फारसं अडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टाइप करायच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत, मात्र तिथेच आपली अक्षरं बसलेली आहेत: सेमीकोलनवर च, अवतरणचिन्हावर ट, उघडणाऱ्या चौकटी कंसावर ड, स्लॅशवर य. ही रोजची अक्षरं, आणि बोट दर वेळी चाचपडतं. घेण्याआधी कीबोर्डचा फोटो मोठा करून ही बटणं शोधा. हातात घेऊन बघायला मिळाला तर ‘डॉक्टर’ हा शब्द दहा वेळा टाइप करा: ड, ॉ आणि ट, तिन्ही त्याच कडेला आहेत.