गाण्यांचा आवाज सारखा करण्याची फुकट सोय: पार्श्वभूमी

एकाच एमपीथ्री सीडीवर १९६० च्या दशकातले भावगीत आणि २००० नंतरचे चित्रपटगीत लागोपाठ वाजले, की आवाजाच्या बटणाकडे हात जाणे ठरलेलेच असे. या तफावतीचे एक मोठे कारण सीडीच्या रचनेत आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या या माध्यमात ध्वनिलहरीच्या उंचीला पक्की कमाल मर्यादा असली, तरी सरासरी आवाजाला ती नाही. त्यामुळे क्षणभर उसळणारी शिखरे दाबून उरलेले गाणे वर उचलता येते. १९९४ मध्ये ‘वेव्हज’ कंपनीचा ‘एल१’ हा सॉफ्टवेअर लिमिटर (अशी शिखरे दाबणारे साधन) आला, हे काम सोपे झाले आणि इतरांपेक्षा मोठ्याने वाजण्याची चढाओढ बळावली.

श्रोत्यांच्या बाजूने नेमका विचार मांडला तो डेव्हिड रॉबिन्सन यांनी, २००१ मध्ये. त्यांच्या ‘रीप्लेगेन’ पद्धतीत आवाज शिखरांवरून ठरवत नाहीत. कानाच्या संवेदनशीलतेनुसार गाळणी लावून ५० मिलिसेकंदांच्या तुकड्यांतील ऊर्जा मोजतात आणि त्यावरून गाणे किती मोठे भासते हे ठरवतात. पातळी किती बदलायची याचे गाण्यासाठी एक आणि संपूर्ण अल्बमसाठी एक, असे दोन आकडे फाइलमध्ये नोंदवले जातात. अल्बममधील मुद्दाम हळू ठेवलेले गाणे हळूच राहावे, ही त्यामागची समज मला फार मोलाची वाटते.

पण हे आकडे न वाचणाऱ्या प्लेअरचे काय? तिथे ग्लेन सॉयर यांचे ‘एमपीथ्रीगेन’ हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडले. ते फाइल पुन्हा एन्कोड न करता (म्हणजे नव्याने न बनवता) तिच्या प्रत्येक फ्रेममधील, म्हणजे छोट्या तुकड्यातील, आवाजाचा आकडा सुमारे १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलते, त्यामुळे दर्जा घटत नाही आणि बदल मागेही घेता येतो. त्यात आधीपासून ठरवलेली ८९ डेसिबलची पातळी अनेक नव्या गाण्यांच्या पातळीपेक्षा कमी असल्यामुळे ‘आवाज वाढवायला गेलो, तर कमी झाला’ असे ते वापरणाऱ्याला वाटणे स्वाभाविक होते. मात्र आधीच मर्यादेला टेकलेले गाणे आणखी चढवले, तर ते फाटते. म्हणून मोठी गाणी खाली आणून प्लेअरचे बटण वर नेणे, हाच बिनखर्चाचा खरा मार्ग होता.

पुढे ‘आयटीयू’ या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या २००६ च्या मोजमापावर आधारून युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये प्रसारणाचा आवाज समपातळीत ठेवण्यासाठी ‘आर १२८’ ही शिफारस केली. त्याच मापाने गाणी समपातळीत आणणारा ‘लाउडनॉर्म’ फिल्टर आता ‘एफएफएमपेग’ या ध्वनी-चित्रफितींवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळतो.