नालबंदी : घोड्यानुसार नालाची घडण

घोड्याचे खूर झिजू नयेत, फुटू नयेत आणि जमिनीवर त्याला पकड मिळावी म्हणून खुराच्या कडेखाली खिळ्यांनी बसवलेल्या धातूच्या वळवलेल्या पट्टीस नाल म्हणतात. नाल घडवून बसवणाऱ्या कारागिरास नालबंद आणि त्याच्या कामास नालबंदी म्हणतात. एकच नाल सर्व घोड्यांना चालत नाही. घोड्याची चण, खुराचा आकार, त्याच्याकडून घेतले जाणारे काम आणि तो ज्या जमिनीवर चालतो ती जमीन या चार गोष्टी पाहून नाल घडवावा लागतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत महाबळेश्वरचा जांभा दगड, माण-खटावचा आणि जतचा कोरडा मुरूम, कृष्णाकाठची काळी माती आणि महामार्गाचे डांबर अशी परस्परांहून अगदी भिन्न जमीन थोडक्या अंतरात येत असल्याने नालाच्या घडणीचा विचार येथील उदाहरणांवरून चांगला समजतो.

या भागाला घोडा नवा नाही. सातारा ही छत्रपतींची राजधानी, आणि मराठ्यांची लढण्याची रीतच घोडदळावर उभी होती. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदारांना घोड्यांच्या तयारीसाठी जी आगाऊ रक्कम दिली जाई तिलाही कागदोपत्री नालबंदी हेच नाव होते. घोडा मोहिमेस लायक आहे की नाही याची सुरुवात त्याच्या पायांपासून होते, ही जाणीव या नावातच आहे. नालबंद हे आडनावही दक्षिण महाराष्ट्रात आजतागायत टिकून आहे.

नालाची घडण कळण्यासाठी आधी खूर कळायला हवा. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारख्याच शिंगमय पदार्थाची असते; तिला संवेदना नसते आणि ती महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढते, म्हणजे वरच्या कडेपासून पुढच्या टोकापर्यंत नवा खूर यायला जवळजवळ वर्ष लागते. भिंतीच्या आत तळवा असतो आणि तळव्याच्या मागच्या अर्ध्या भागात पाचरीच्या आकाराची, रबरासारखी लवचीक गादी असते. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेषा दिसते. नालबंदाचा सगळा हिशेब या रेषेवर चालतो : खिळा रेषेच्या बाहेरच्या अंगाने गेला तर घोड्याला काही कळत नाही, आतल्या अंगाने गेला तर तो शब्दशः जिव्हारी लागतो. पाय टेकल्यावर खुराचा टाचेकडचा भाग किंचित फाकतो आणि उचलल्यावर पुन्हा मिटतो. धक्का शोषला जाणे आणि पायातील रक्ताभिसरण नीट राहणे या दोन्ही गोष्टी या हालचालीवर अवलंबून असल्याने खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे सहसा खिळा मारत नाहीत. तेथे खिळा मारणे म्हणजे टाच बांधून टाकणे होय.

पुढचे आणि मागचे खूर सारखे नसतात. उभ्या घोड्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून पुढचे खूर गोलसर व पसरट असतात. मागचे खूर रेटा देण्याचे काम करतात आणि ते टोकाकडे निमुळते असतात. त्यामुळे एका घोड्यासाठीही दोन आकारांचे नाल लागतात, आणि डाव्या-उजव्या खुरांत थोडा फरक असेल तर प्रत्यक्षात चार.

नाल बसवण्याची क्रिया जवळून पाहिली म्हणजे घडणीतले बारकावे ध्यानात येतात. नालबंद प्रथम घोडा सपाट जागी चालवून पाहतो. कोणता पाय आधी टेकतो, टाच आधी लागते की बाहेरची कड, हे तो नजरेने टिपतो. मग पाय मांडीवर घेऊन जुन्या खिळ्यांची वाकवलेली टोके छिन्नीने उघडतो, पकडीने नाल टाचेकडून सैल करत काढतो, वाढलेली भिंत आणि तळव्याचा मेलेला थर कापतो आणि कानशीने तळ एका पातळीत आणतो. त्यानंतर नाल खुरावर ठेवून पाहणे आणि ऐरणीवर नेऊन ठोकणे असे फेरे सुरू होतात. पुढच्या बाजूला नालाची कड भिंतीशी जुळली पाहिजे, मात्र रुंद भागापासून टाचेपर्यंत ती भिंतीच्या बाहेर मिलिमीटर-दीड मिलिमीटर दिसली पाहिजे, कारण फाकणाऱ्या टाचेला तेवढी जागा लागते. खिळ्याचे टोक एका अंगाने तासलेले असते, त्यामुळे आत शिरताना तो बाहेरच्या बाजूस वळतो आणि भिंतीच्या साधारण एकतृतीयांश उंचीवर बाहेर पडतो. घट्ट शिंगातून जाणाऱ्या खिळ्यावर हातोडीचा आवाज खणखणीत येतो. आवाज बोदा आला किंवा घोड्याने अंग चोरले की जाणकार हात तिथेच थांबतो आणि खिळा काढून घेतो. शेवटी बाहेर आलेली टोके मोडून उरलेला भाग भिंतीवर वाकवून बसवला जातो.

कामाप्रमाणे नाल बदलतो तो मुख्यतः वजन, रुंदी, खालच्या बाजूची ठेवण आणि टाचेची रचना या बाबतींत. शर्यतीच्या घोड्याला अॅल्युमिनियमचा, सुमारे १०० ग्रॅमचा पातळ नाल लावतात, कारण पायाच्या टोकाला असलेले वजन प्रत्येक ढांगेत उचलावे लागते. सवारीच्या मध्यम घोड्याला ८ ते १० मिलिमीटर जाडीचा पोलादी नाल पुरतो, तर दख्खनी तट्टाला त्याहून अरुंद आणि हलका लागतो. जड नाल अधिक दिवस टिकतो या समजुतीने तो तट्टालाही ठोकण्याची चाल दिसते. ही काटकसर फसवी आहे. नाल झिजला नाही तरी खूर वाढतच असतो. पाच-सहा आठवड्यांत पुढचे टोक लांबते, नाल खुराबरोबर पुढे सरकतो आणि त्याची मागची टोके टाचेजवळच्या तळव्यात रुतू लागतात. म्हणजे नाल कितीही जाड असला तरी तेवढ्या मुदतीत काढून खूर तासावाच लागतो, आणि जाड लोखंडाने मिळाले काय, तर घोड्याच्या पायाला जास्तीचा भार.

पाचगणीचे टेबल लँड आणि महाबळेश्वरचा वेण्णा तलाव येथे पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांची गरज खास आहे. जांभ्याचा खडबडीत पृष्ठभाग नालाला कानशीसारखा घासतो, आणि उतारावर माणसासह उतरताना टाचेला पकड लागते. अशा घोड्याच्या नालाची मागची टोके खाली वळवून लहान उंचवटे करतात. हे उंचवटे दोन्ही बाजूंना सारखे आणि बेताचेच असावेत. एक बाजू उंच झाली तर खूर तिरपा टेकतो आणि सांध्यावर ताण येतो, तर फार उंच केल्यास सपाट रस्त्यावर घोडा सतत पुढे कलल्यासारखा उभा राहतो व मधली गादी जमिनीला लागेनाशी होते. घाटमाथ्यावर दुसरी अडचण ओलीची आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिजून मऊ झालेल्या भिंतीत खिळ्यांची भोके सैल होतात आणि तळव्यात साचलेल्या घाणीने गादी सडू लागते. येथे तळवा झाकणारा रुंद नाल टाळावा आणि रोज तळवा कोरून साफ करावा.

याच्या नेमके उलटे चित्र माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत दिसते. कोरड्या हवेने खूर कडक व ठिसूळ होतो आणि जाड खिळ्याने त्याला उभी चीर जाते. त्यावर बारीक खिळे वापरणे, त्यांची संख्या सहावर ठेवणे आणि नालाच्या पुढच्या कडेला पत्र्यासारखी लहान जीभ काढून ती भिंतीवर टेकवणे हा उपाय आहे. या जिभेमुळे नाल मागे सरकत नाही आणि खिळ्यांवरचा ताण कमी होतो.

कृष्णाकाठच्या चिकणमातीत नाल उपटला जाण्याची भीती असते. त्यासाठी नाल वरून रुंद व जमिनीकडे निमुळता घडवतात, म्हणजे चिखल त्याला ओढून धरत नाही. आणि खालच्या बाजूने लांबीभर खाच पाडतात. त्या खाचेत माती भरते आणि मातीवर माती घट्ट धरते. पुढच्या नालाची टोके टाचेबाहेर लांब ठेवली तर धावताना मागचा पाय त्यांवर पडतो आणि नाल खिळ्यांसह भिंतीचा तुकडा घेऊन निघतो, म्हणून घोडागाडी शर्यतीच्या घोड्यांत ही लांबी काटेकोर सांभाळावी लागते.

डांबरी रस्ता हा घोड्याच्या पायाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणावा लागेल. सांगली-मिरजेचे टांगे रिक्षांपुढे मागे पडले, तरी वरातीचे घोडे आजही डांबरावरच चालतात, आणि बँडच्या तालावर त्यांना मागच्या पायांवर उभे करून नाचवले जाते. गुळगुळीत डांबरावर लोखंड घसरते, पावसात तर फारच. कठीण मिश्रधातूचे टोक असलेले खिळे किंवा लोखंडावर रबराचा थर असलेले नाल हे त्यावरचे उपाय होत. रबराने धक्काही कमी बसतो. वरातीच्या घोड्याला सर्वांत स्वस्त नाल ठोकणे हा त्या मुक्या जनावरावर उघड अन्याय आहे, कारण त्याच्याइतकी कठीण जमीन फारच थोड्या घोड्यांच्या वाट्याला येते.

एकाच घोड्याला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात तेव्हा घडणीचा खरा कस लागतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून सांगली व सातारा जिल्ह्यांतून पायी आळंदीस जातात आणि पुढे सोहळ्यात लोणंद-तरडगाव दरम्यान चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. शेकडो किलोमीटर डांबरी वाट आणि मधूनच मातीवरची भरधाव दौड असा प्रवास ज्या घोड्याला करायचा असतो, त्याच्यासाठी मध्यम वजनाचा, खाच पाडलेला आणि पुढचे टोक किंचित वर गोलावलेला नाल सोयीचा पडतो. गोलावलेल्या टोकामुळे पाय जमिनीवरून सहज सुटतो आणि लांबच्या चालीत स्नायूंना थकवा कमी येतो.

दोषांनुसार आणि आजारांनुसार घडवलेले नाल हा या कलेचा सर्वांत नाजूक भाग आहे. चालताना एक पाय दुसऱ्याला घासत असेल तर नालाची आतली भुजा अरुंद करून तिची कड गोल करतात आणि तिच्यावर खिळे कमी मारतात. टाच दुखत असेल तर नालाची दोन्ही टोके आडव्या पट्टीने जोडून बंद नाल करतात, त्यामुळे भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. धान्याचा खुराक अति झाल्याने किंवा इतर कारणांनी खुराच्या आत दाह झाला, तर भिंतीला धरून असलेले हाड सुटून खाली कलू शकते. अशा वेळी बंद नालातून मधे बदामाच्या आकाराचा तुकडा पुढे काढून गादीवर आधार देण्याची पद्धत आहे. मात्र हा आधार किती द्यायचा हे क्ष-किरण चित्र पाहून पशुवैद्यक आणि नालबंद या दोघांनी मिळून ठरवावे. अंदाजाने दिलेला दाब आजार वाढवतो.

खेचर आणि गाढव यांचे खूर घोड्यापेक्षा अरुंद व अधिक उभे असतात, म्हणून घोड्याचा लहान नाल त्यांना बसत नाही. बैलाचा खूर तर दुभंगलेला असल्याने त्याला दोन वेगळ्या पत्र्या लागतात. ऊसवाहतुकीच्या बैलांना पत्र्या मारणे हे हंगामातले नित्याचे काम आहे.

अमेरिकेत हेन्री बर्डन यांनी १८३५ साली नाल घडवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे तयार नाल सर्वत्र पोहोचले. तयार नालात वाईट काही नाही. तो भट्टीत तापवून किंवा गारच ठोकून खुराच्या आकारात आणता येतो. आपल्याकडे बहुधा गार नालच बसवतात. तापवलेला नाल क्षणभर खुराला टेकवला की उंचसखल भाग जळून दिसतात आणि बैठक अचूक होते, पण त्यासाठी भाता, भट्टी आणि वेळ लागतो. खरा दोष निराळाच आहे : नाल खुराच्या मापाचा करण्याऐवजी नालाबाहेर आलेली भिंत कानशीने घासून खूरच नालाच्या मापाचा केला जातो. वरून काम नीटनेटके दिसते, परंतु भिंत पातळ होते, पुढच्या वेळी खिळ्याला जागा उरत नाही, आणि काही फेऱ्यांनंतर चांगल्या नालबंदालाही त्या खुरावर धड नाल बसवता येत नाही.

प्रत्येक घोड्याला नाल हवाच असे नाही. शिंगरांना, चरणीवरच्या घोड्यांना आणि काम नसलेल्या जनावरांना नुसते नियमित तासलेले खूर पुरतात. गिरिस्थानांवर पावसाळ्यात सवारी मंदावते तेव्हा जनावर कोरड्या जागी बांधून नाल काढून ठेवले, तर जुनी भोके वाढीबरोबर खाली सरकतात, टाचेला मोकळेपणाने फाकायला मिळते आणि दिवाळीच्या हंगामाआधी नवे खिळे घट्ट भिंतीत मारता येतात.