रहस्यकथेतला उलगडा आणि थरारकथेतला धक्का

‘एखादी चांगली रहस्यकथा सुचवा’ अशी विनंती वाचकांमध्ये कुठेही झाली की उत्तरांचा पाऊस पडतो, आणि त्यातली बरीचशी पुस्तके रहस्यकथा नसतातच. त्या थरारकथा असतात. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पुस्तकही बहुधा चांगले असते, पण मागणाऱ्याने मागितले होते एक आणि हाती पडले दुसरे. मग तो शंभरेक पाने वाचून पुस्तक मिटतो, ‘यात रहस्य असे काही नव्हतेच’ असा शेरा मारतो आणि एका उत्तम थरारकथेच्या माथी विनाकारण अपयश मारले जाते. हे वारंवार पाहून मला मनापासून त्रास होतो, कारण दोन्ही प्रकार मला प्रिय आहेत आणि या घोळात दोन्हींवर अन्याय होतो.

रहस्यकथा म्हणजे काय हे नव्याने सांगण्याची गरज नाही. होम्स, प्वारो, ब्योमकेश, फेलूदा या कथांतल्या गुप्तहेरांपैकी एकाशी जरी ओळख असली तरी घडण ठाऊक असते: गुन्हा घडून गेलेला असतो, संशयितांचे वर्तुळ आखलेले असते, चौकशी होते आणि अखेरीस उलगडा होतो. थरारकथा हिच्याहून वेगळी कशी, हे सांगताना मात्र बहुतेक जण वरवरच्या गोष्टींवर थांबतात. थरारकथा वेगवान असते, तिच्यात रक्तपात अधिक असतो, पाठलाग आणि बंदुका असतात, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात संथ लयीच्या थरारकथा पुष्कळ आहेत आणि रक्ताने माखलेल्या रहस्यकथाही आहेत. शोध घेणारा पोलीस आहे, खासगी गुप्तहेर आहे की कोणी सामान्य माणूस, यानेही काही ठरत नाही. मुखपृष्ठावरच्या शब्दावर तर मुळीच विसंबू नये. मराठीत बाबूराव अर्नाळकरांचा गुप्तहेर धनंजय आणि धाडसी नायक काळा पहाड हे दोघेही रहस्यकथा याच नावाखाली वाचले गेले.

खरी गफलत होते ती शेवटच्या धक्क्यापाशी. ज्या कथेच्या शेवटी वाचक चकित होतो ती रहस्यकथा, अशी समजूत पक्की रुजलेली आहे आणि माझ्या मते बाकीचा सगळा गोंधळ तिच्यातूनच निघतो. रहस्यकथेच्या शेवटी जे घडते त्याला उलगडा म्हणावे आणि थरारकथेच्या शेवटी अनेकदा जे घडते त्याला धक्का म्हणावे. दोन्ही वेळी वाचकाच्या तोंडून ‘अरे!’ निघते, म्हणून दोन्ही सारखेच वाटतात. पण उलगड्यात वाचकाने आधीच पाहिलेल्या गोष्टींचा अर्थ बदलतो, तर धक्क्यात त्याच्यापासून दडवून ठेवलेली गोष्ट ऐन वेळी पुढे केली जाते.

आर्थर कॉनन डॉयल यांची १८९२ साली प्रसिद्ध झालेली ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही होम्सकथा यासाठी जवळून पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या एका तबेल्यातून शर्यतीचा नामांकित घोडा रात्रीतून नाहीसा होतो आणि त्याच्या प्रशिक्षकाचे प्रेत माळावर सापडते. कथेच्या सुरुवातीच्या पानांतच तीन साध्या गोष्टी सांगून झालेल्या असतात. संध्याकाळी एक अनोळखी माणूस तबेल्याशी घोटाळतो तेव्हा राखणीचा पोरगा त्याच्यावर कुत्रा सोडायला धावतो. त्याच तबेल्याच्या माळ्यावर झोपलेल्या दोन पोरांना रात्रभर काहीही ऐकू येत नाही. आणि राखणदाराच्या रात्रीच्या जेवणात मसालेदार मटण असते, ज्यात कोणीतरी अफू मिसळलेली असते. वाचक हे तिन्ही तपशील वाचतो आणि पुढे सरकतो. होम्स मात्र कुत्र्याच्या गप्प राहण्याकडे बोट दाखवतो: कोणीतरी आत येऊन घोडा सोडून नेला, तरी माळ्यावरची पोरे जागी होतील इतकेही कुत्रे भुंकले नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता. अफूला चव असते आणि ती झाकायला झणझणीत मसाला लागतो. तेव्हा ज्याने अफू घातली त्याला त्या रात्री नेमके तेच कालवण शिजेल हे ठाऊक असले पाहिजे, आणि बाहेरच्या अनोळखी माणसाला ते ठाऊक असणे शक्य नाही. याच्या पुढचे मी सांगत नाही. इथे एकही नवी गोष्ट बाहेरून आणलेली नाही, हे महत्त्वाचे. कुत्रा, माळा आणि मटण हे सगळे वाचकासमोर उघड्यावर पडलेले होते.

रहस्यकथेचा करार तो हाच. १९२९ साली इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथाकारांसाठी दहा नियम लिहिले; त्यांत गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात आलेला असलाच पाहिजे, आणि गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकासमोर ठेवला गेला पाहिजे, असे स्पष्ट बजावलेले आहे. त्याच वर्षी एलरी क्वीन या टोपणनावाने लिहिणाऱ्या दोघा लेखकांची पहिली कादंबरी आली. तिच्यात उलगड्याच्या आधी कथा थांबवून लेखक वाचकाला सांगतात की आता सर्व माहिती तुमच्या हाती आहे, उत्तर तुम्हीच काढा. अशा आव्हानाला थरारकथेत जागाच नाही, कारण तिने तसे वचन कधी दिलेलेच नसते.

अलीकडे नवरा-बायकोच्या बिघडलेल्या नात्यावर बेतलेल्या आणि प्रथमपुरुषी निवेदनातून उलगडत जाणाऱ्या कादंबऱ्यांची मोठी लाट आली. त्यांतल्या कित्येक कादंबऱ्यांत निवेदकाला जे ठाऊक असते तेच तो तीनशे पाने लपवतो आणि अखेरीस सांगून टाकतो. वाचक हादरतो, पण त्याला ते आधी ओळखता येण्यासारखे नव्हते. यात गैर काही नाही. त्या पुस्तकांचे सामर्थ्य त्या कोंडलेल्या भीतीत असते. मात्र कोडे सोडवायला बसलेल्या वाचकाला असे पुस्तक देणे म्हणजे त्याची शुद्ध फसवणूक आहे. यांपैकी एकाचेही नाव मी इथे घेत नाही, कारण ‘यात निवेदक काहीतरी लपवतो’ एवढे कळले तरी पुस्तकाचा निम्मा जीव जातो.

दोन पुस्तके शेजारी ठेवली तर हा फरक लख्ख दिसतो, आणि योगायोगाने दोन्ही इतिहासाशी जोडलेली आहेत. पहिले फ्रेडरिक फॉर्सिथ यांचे १९७१ चे ‘द डे ऑफ द जॅकल’. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांना ठार मारण्यासाठी एक भाडोत्री मारेकरी नेमला जातो. द गॉल यांचा मृत्यू १९७० मध्ये त्यांच्या घरी नैसर्गिक कारणाने झाला हे जगाला ठाऊक होते, म्हणजे हा कट फसणार हे पहिल्या पानापासून उघड आहे. मारेकऱ्याची तयारीही बरीचशी आपल्या डोळ्यांदेखत चालते: मेलेल्या बालकाच्या जन्मनोंदीवरून मिळवलेले पारपत्र, खास बनवून घेतलेली बंदूक, एकामागून एक बदललेले वेष. गुन्हेगार कोण हा प्रश्न नाही आणि शेवट काय हाही नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. कारण पोलीस अधिकारी लबेल आणि तो मारेकरी यांच्यातले अंतर दर प्रकरणागणिक घटत जाते आणि वाचकाची सगळी चिंता त्या अंतराला बांधलेली असते.

दुसरे जोसेफिन टे यांचे १९५१ चे ‘द डॉटर ऑफ टाइम’. पाय मोडून रुग्णालयात पडलेला पोलीस निरीक्षक ॲलन ग्रँट इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे चित्र पाहतो आणि आपल्या दोन अल्पवयीन पुतण्यांचा खून केल्याचा त्याच्यावरचा आरोप तपासू लागतो. ही घटना १४८३ च्या सुमाराची. सगळे संशयित, साक्षीदार आणि बळी शतकांपूर्वी मातीत मिसळलेले आहेत; कोणालाही कसलाही धोका नाही; नायक अंथरुणातून उठत सुद्धा नाही. तरीही ही अस्सल रहस्यकथा आहे. रिचर्डच्या दुष्टपणाचा मोठा आधार मानले गेलेले लेखन टॉमस मोर यांचे, आणि रिचर्ड मेला तेव्हा मोर जेमतेम सात-आठ वर्षांचे होते. पोलिसाच्या दृष्टीने ती ऐकीव साक्ष ठरते आणि ग्रँट ती बाजूला सारतो. रिचर्डला हरवून गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीने त्याच्याविरुद्ध काढलेल्या आरोपांच्या यादीत या दोन मुलांच्या खुनाचा स्पष्ट आरोप नाही, आणि एवढे मोठे हत्यार हाताशी असताना ते कोणी का वापरले नाही, असा रास्त प्रश्न ग्रँट विचारतो. कुत्रा न भुंकण्यासारखाच हा दुवा आहे. कादंबरीचा निष्कर्ष सर्व इतिहासकारांना मान्य नाही हे जाता जाता सांगितले पाहिजे, कारण ऐतिहासिक कादंबरीला इतिहास मानण्याची आपली सवय जुनी आहे.

एका कथेत शेवट ठाऊक असून श्वास अडकतो आणि दुसरीत कोणाच्या जिवाला काडीचा धोका नसताना डोके चक्रावून जाते. रहस्यकथेत प्रश्न मागे वळलेला असतो: काय घडले आणि कोणी घडवले? थरारकथेत तो पुढे रोखलेला असतो: आता काय घडणार आणि ते टळेल का? यावर कोणी म्हणेल की गुन्हेगार आधीच ठाऊक असला की ती थरारकथा झाली. तसेही नाही. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहातल्या बहुतेक कथांत गुन्हा आधी सविस्तर दाखवला आणि मग तपास करणारे डॉक्टर थॉर्नडाइक तो कोणत्या पुराव्यांवरून उकलतात ते सांगितले. खुनी माहीत असतो, पण त्याची कोणती चूक त्याला अडकवणार हे वाचकाला शोधायचे असते; पुरावा समोर असतो आणि तर्काला वाव असतो. म्हणून ती रहस्यकथाच.

सीमेवरची पुस्तकेही आहेत. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’वर वाचकाशी लबाडी केल्याचा आरोप झाला आणि रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स यांनी मात्र त्या कादंबरीची बाजू घेतली. मी सेयर्स यांच्या बाजूचा आहे. उलगड्यानंतर मागची पाने पुन्हा वाचली की शब्द किती जपून ठेवलेले आहेत ते दिसते, आणि पुन्हा वाचल्यावर पुस्तक अधिक आवडते की पोकळ वाटते, ही माझी सर्वांत आवडती कसोटी आहे.

शिफारस करणाऱ्यांना दोन विनंत्या आहेत. पहिली अशी, की ‘शेवट वाचून हादरून जाल’ हे वाक्य कृपा करून कायमचे सोडून द्यावे. त्याने पुस्तकाविषयी काहीच कळत नाही, उलट वाचक पहिल्या पानापासून धक्क्याची वाट पाहत बसतो आणि मधली दोनशे पाने त्याला नीट वाचता येत नाहीत. दुसरी अशी, की ‘मला खुनी आधीच कळला’ हा दोष म्हणून सांगू नये. दुवे उघडे ठेवणाऱ्या लेखकाने काही वाचकांना उत्तर सापडू दिलेच पाहिजे. ज्या पुस्तकात कोणालाच काही ओळखता येत नाही तिथे बहुधा ओळखण्यासारखे काही ठेवलेलेच नसते.

सुचवण्यापूर्वी मी समोरच्याला एवढेच विचारतो की शेवटचे आवडलेले पुस्तक वाचताना तो थांबून विचार करत होता की पाने भराभर उलटत होता. थांबणाऱ्याला मी आधी ‘सिल्व्हर ब्लेझ’ देतो, कारण ती एका बैठकीत संपते आणि करार काय असतो ते लगेच कळते. पाने उलटणाऱ्याला ‘जॅकल’. ऐतिहासिक कादंबऱ्यांत रमणाऱ्याला रहस्य हवे असेल तर टे यांचे पुस्तक. मात्र त्यात एडवर्ड, रिचर्ड आणि हेन्री हीच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात, म्हणून राजघराण्याची वंशावळ एका कागदावर उतरवून पुस्तकात ठेवावी आणि मगच वाचायला बसावे.