हॅकआरएफच्या नकलेतला बिघाड कसा हुडकावा

गेल्या वर्षी एका स्नेह्यांनी माझ्यासमोर काळ्या धातूची एक पेटी ठेवली आणि ‘हा बोर्ड मेला’ असे जाहीर केले. पेटीत हॅकआरएफ वन या रेडिओची नक्कल होती. पुण्यात १०१ मेगाहर्ट्झवर विविध भारती इतकी जोरात येते की अँटेनाच्या जागी वीतभर तार खोचली तरी संगणकाच्या पडद्यावर तिचा डोंगर उभा राहावा. येथे मात्र गोंगाटाच्या सपाट पट्ट्यावर जेमतेम एक उंचवटा दिसत होता. तासाभराने निदान झाले तेव्हा बोर्डावरचे इतर सगळे भाग ठणठणीत निघाले आणि तांदळाच्या दाण्याहून लहान असलेली एकच चिप दगावलेली आढळली.

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, म्हणजेच एसडीआर, हा असा रेडिओ आहे की ज्यात लहरी पकडून त्यांचे आकड्यांत रूपांतर करण्यापुरतेच काम यंत्राकडे असते आणि त्या आकड्यांतून गाणे, विमानाचे स्थान किंवा उपग्रहाचे छायाचित्र वेगळे काढण्याचे काम संगणकावरचा प्रोग्राम करतो. अमेरिकेतील मायकेल ऑसमन यांनी हॅकआरएफ वनची रचना केली, २०१३ मध्ये लोकवर्गणीतून तिच्यासाठी पैसा उभा राहिला आणि बोर्डाचे सर्व आराखडे सर्वांसाठी खुले ठेवण्यात आले. १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत ऐकणारा आणि प्रक्षेपणही करू शकणारा हा बोर्ड मग अनेकांनी बनवायला घेतला. आराखडे खुले असल्याने अशी नक्कल करणे ही चोरी नव्हे. दुरुस्ती करणाऱ्याला तर त्यात फायदाच आहे, कारण नकलेच्या पोटातही मूळ आराखडाच असतो आणि तो कोणालाही उघडून वाचता येतो. फरक पडतो तो सोल्डरिंगच्या दर्जात, सुट्या भागांच्या खरेपणात आणि खर्च वाचवण्यासाठी गाळलेल्या संरक्षक भागांत.

बोर्डाची पेटी उघडण्याआधी त्याच्या दिव्यांकडे पाहावे. यूएसबी केबल जोडल्यावर चार दिवे लागायला हवेत. ‘३ व्ही ३’ हा दिवा मुख्य वीजपुरवठा चालू असल्याचे सांगतो. ‘१ व्ही ८’ आणि ‘आरएफ’ हे दोन दिवे फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा त्याच्यातलाच प्रोग्राम, सुरू होऊन त्याने पुढचे वीजपुरवठे चालू केल्याचे सांगतात. ‘यूएसबी’ हा दिवा संगणकाशी बोलणे सुरू झाल्याचे सांगतो. फक्त पहिला दिवा लागून बाकीचे विझलेले असतील तर बहुतेक वेळा चिप मेलेली नसून फर्मवेअर बिघडलेले असते. या बोर्डावरच्या एलपीसी ४३२० या मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या चिपच्या, पोटात फर्मवेअर राहतच नाही, ते शेजारच्या वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये असते. मायक्रोकंट्रोलरच्या आत कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो आणि ‘डीएफयू’ हे बटण दाबून धरून वीज जोडली की तो जागा होतो. त्याच्या आधाराने तात्पुरते फर्मवेअर थेट मेमरीत चढवता येते आणि मग फ्लॅश चिप नव्याने लिहिता येते. ‘विटेसारखा निपचित पडला’ म्हणून अडगळीत टाकलेले कितीतरी बोर्ड या एका बटणाने उठतात.

दुसरी फसवी तक्रार पोर्टापॅकची. पडदा आणि बटणे असलेली ही जोडपाटी बसवलेली नक्कल संगणकाला जोडली तरी ‘हॅकआरएफ सापडत नाही’ असा संदेश येतो, कारण त्या वेळी बोर्ड पोर्टापॅकच्या फर्मवेअरवर चालत असतो. त्याच्या यादीतून हॅकआरएफची अवस्था निवडल्याशिवाय तो संगणकाला ओळख देत नाही. केबलबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. हा बोर्ड सेकंदाला २ कोटी नमुने (लहरीची मोजमापे) घेतो आणि प्रत्येक नमुना २ बाइटचा असतो, म्हणजे सेकंदाला ४ कोटी बाइट, किंवा ३२ कोटी बिट, केबलमधून वाहतात. यूएसबी २.० ची कमाल क्षमता ४८ कोटी बिट आहे. मोबाइल चार्जरच्या काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच आणि ज्यांत असतात त्यांतल्या अनेक या ओझ्याने नमुने गाळू लागतात. पडद्याच्या बरोबर मध्यभागी उभी राहणारी बारीक सुई मात्र बिघाड नाही. या पद्धतीच्या रेडिओंत ती असतेच.

इथवर सगळे ठीक असूनही केंद्र येत नसेल, तर लहरींच्या वाटेवर प्रश्न विचारायचे. हॅकआरएफमध्ये अँटेनाकडून आलेला संकेत आधी एका स्विचपाशी पोहोचतो. तेथून तो एकतर ॲम्प्लिफायरमधून जातो किंवा त्याला वळसा घालून पुढे सरकतो. पुढे तीन वाटा फुटतात. सुमारे २१५० मेगाहर्ट्झखालचे संकेत एका गाळणीतून मिक्सरकडे जातात, सुमारे २७५० मेगाहर्ट्झच्या वरचे दुसऱ्या गाळणीतून त्याच मिक्सरकडे येतात आणि मधल्या पट्ट्यातले मिक्सरला टाळून थेट मॅक्स २८३७ या पुढच्या चिपकडे पोहोचतात. मिक्सरचे काम करणारी आरएफएफसी ५०७२ ही चिप वरच्या आणि खालच्या लहरींना त्याच मधल्या पट्ट्यात आणून सोडते.

आता गंमत अशी, की या तिन्ही वाटा तपासायला लागणारे प्रक्षेपक बहुतेक शहरी घरांत फुकट उपलब्ध आहेत. एफएम केंद्र खालच्या वाटेने येते, २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय मधल्या वाटेने येते आणि ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वरच्या वाटेने येते. वायफायचे ठोके दिसतात पण ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, आणि बाकी दोन्हीकडे सामसूम, असे असेल तर संशय सरळ मिक्सरवर जातो, कारण त्याला टाळणारी तेवढी एकच वाट जिवंत आहे. केवळ एफएम गायब असेल तर खालच्या वाटेवरची गाळणी किंवा तिच्या दोन्ही टोकांचे स्विच पाहावेत. तिन्हीकडे शुकशुकाट असेल तर बिघाड वाटांच्या आधी किंवा नंतर आहे: अँटेनाच्या सॉकेटचा तुटलेला सोल्डरचा डाग, पहिला स्विच, ॲम्प्लिफायर, किंवा मॅक्स २८३७ आणि त्यापुढचे भाग. तेथेही एक खूण सापडते. अँटेना काढून मॅक्स २८३७ चा गेन, म्हणजे संकेत मोठा करण्याचे प्रमाण, आठ-आठ डेसिबलच्या पायऱ्यांनी वाढवत न्यावा. गोंगाटाचा पट्टा वर सरकत असेल तर ती चिप आणि तिच्यापुढची साखळी जागी आहे आणि दोष अँटेनाच्या बाजूला शोधायचा.

माझ्या स्नेह्यांच्या बोर्डावर असेच काहीसे झाले. तिन्ही वाटांवर उंचवटे होते, पण सगळे खुजे होते आणि गेन वाढवला की गोंगाट व्यवस्थित वर चढत होता. मग प्रोग्राममधला ॲम्प्लिफायरचा चौकोन, जो त्यांनी ‘जास्त चांगले ऐकू यावे’ म्हणून कायम चालू ठेवला होता, तो मी बंद केला आणि विविध भारतीचा डोंगर एकदम उभा राहिला. चांगल्या बोर्डावर ॲम्प्लिफायर चालू केल्यावर संकेत सुमारे १० डेसिबलने वाढायला हवा. तो उलट खाली जात असेल तर एमजीए-८१५६३ ही ॲम्प्लिफायरची चिप गेली असे जवळजवळ नक्की समजावे. खातरजमा मल्टिमीटरने करता येते. ॲम्प्लिफायर चालू असताना त्याच्या चिपला वीज पोहोचत असेल आणि तरीही संकेत वाढत नसेल तर चिप बदलायची. वीजच पोहोचत नसेल तर दोष मागच्या पुरवठ्यात असतो आणि चिप उगाच उपटली जाते.

ही चिप इतक्या सहज का मरते? हॅकआरएफ वनला झेपणारी कमाल आवक उणे ५ डीबीएम, म्हणजे सुमारे ०.३ मिलिवॅट, एवढीच सांगितलेली आहे. हौशी रेडिओवाल्यांच्या हातातला साधा वॉकीटॉकी ५ वॅट सोडतो. त्या ताकदीचा सोळा हजारावा हिस्सा अँटेनातून आत शिरला की मर्यादा संपली, आणि एकाच टेबलावर हात-दोन हातांवर वॉकीटॉकीचे बटण दाबले तर त्याहून कितीतरी जास्त शक्ती आत जाते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत गच्चीवरच्या लांब तारेवर साठणारी स्थिर वीजही तेवढीच घातक असते. मूळ बोर्डाचीही यातून सुटका नाही, मात्र संरक्षक डायोड गाळलेल्या नकलेत हे लवकर घडते.

नकलेचे म्हणून खास असे दुखणे मला सोल्डरिंगचे वाटते. मिक्सर आणि मॅक्स २८३७ या चिपांना बाहेर पाय नसतात. त्यांच्या पोटाखाली एक चौकोनी पत्रा असतो आणि तो बोर्डाला नीट चिकटला तरच उष्णता व विद्युतप्रवाह यांना वाट मिळते. हा डाग वरून दिसत नाही. दुरुस्तीवाले ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात तो येथे असला, तर बोर्ड थंड असताना उत्तम चालतो आणि दहा मिनिटांनी तापला की ठरावीक वाटेवर आंधळा होतो. लाकडी काडीने चिपवर हलके दाबल्यावर संकेत परत येत असेल तर नवी चिप मागवण्याची घाई करू नये. फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावायचे द्रव्य) सोडून गरम हवेने जुनीच चिप बसवून पाहावी.

केंद्रे दिसतात पण सगळी जागा सोडून दिसतात, ही तक्रार घड्याळाची असते. रेडिओच्या भागांना लागणारी घड्याळे, म्हणजे ठरावीक गतीचे विद्युत ठोके, २५ मेगाहर्ट्झच्या एका स्फटिकावरून निघतात. त्यात दहा लाखांत २० भागांची चूक असेल तर १०१ मेगाहर्ट्झवर ती २ किलोहर्ट्झ भरते आणि कानाला कळतही नाही, पण २.४ गिगाहर्ट्झवर तीच ४८ किलोहर्ट्झ होते. ती प्रोग्राममध्ये आकडा भरून दुरुस्त करता येते, त्यासाठी सोल्डरिंगची गरज नाही.

स्नेह्यांनी मात्र शेवटी ती चिप बदललीच नाही. शहरात एफएमचे प्रक्षेपक जवळ असल्याने ॲम्प्लिफायर चालू ठेवला की पडद्यावर नसलेल्या केंद्रांची भुते उभी राहतात, तेव्हा तो बंद असलेलाच बरा, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या चौकोनावर खूण करू नये, एवढी चिठ्ठी तेवढी त्यांनी पेटीवर चिकटवून ठेवली आहे.