मुठीपासून चिमटीपर्यंत

साडेतीन वर्षांची माझी भाची परवा स्वतःच्या शर्टाचं बटण लावत होती. डाव्या हाताच्या चिमटीत काजाची कडा, उजव्या हातात बटण. बटण अर्धं आत गेलं की डाव्या हाताने काज सोडून पलीकडून बटणाची कड धरायची, आणि तेवढा क्षण उजव्या हाताने ते मागून दाबून ठेवायचं. नेमकं तिथेच तिचं बटण निसटत होतं. चार वेळा निसटलं. दोनदा माझे हात आपसूक पुढे गेले, दोनदा मी ते मागे घेतले. पाचव्या वेळी बटण लागलं.

आपण हे काम न बघता करतो, म्हणून त्यात किती काय चाललेलं असतं ते लक्षात येत नाही. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या थोडा खाली धरा आणि उजव्या हाताची बोटं टायपिंग केल्यासारखी हलवा. हलणारे स्नायू तिथे हाताला लागतील. लांबलचक कंडरांनी ते बोटांना ओढतात, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारखे. तळहातातले छोटे स्नायू बारीक वळणं सांभाळतात, अंगठा इतर बोटांसमोर आणून ठेवतात.

मनगट आणि पंजा मिळून 27 हाडं. त्यांपैकी मनगटातली 8 जन्माच्या वेळी सहसा हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत त्यांतली दोन हाडं बनायला लागतात, बाकीची वर्षावर्षाने, आणि शेवटचं तर साधारण 8 ते 12 वर्षांच्या दरम्यान. मुलाच्या हाडांचं वय बघायला डॉक्टर मनगटाचा एक्स-रे काढतात तो याचमुळे. तीन वर्षांच्या मुलाने ओळीत अक्षरं काढावीत असा हट्ट धरणाऱ्या प्रत्येकाने असा एक एक्स-रे पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

मेंदूचं कामही तेवढंच मोठं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे मेंदू-शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतप्रवाहाने स्पर्श करून बघत. कुठे स्पर्श केल्यावर कोणता अवयव हलतो, याचा नकाशा त्यांनी 1937 मध्ये मांडला. त्यात हात आणि चेहरा यांनी आकाराच्या मानाने प्रचंड जागा अडवलेली दिसते. पाठीला, पायाला मात्र थोडकीच. मेंदूपासून हातापर्यंतच्या या जोडण्या पक्व व्हायला कित्येक वर्षं लागतात.

तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते घट्ट धरतं. ती प्रतिक्षिप्त क्रिया असते, 4 ते 6 महिन्यांत ओसरते आणि मुद्दाम पकडणं सुरू होतं. आधी सगळ्या बोटांनी वस्तू ओढून घेणं, मग या हातातून त्या हातात देणं, आणि 9 ते 12 महिन्यांच्या सुमारास अंगठा-तर्जनीची चिमूट. याच काळात मूल वस्तू खाली टाकायला लागतं. पुन्हा द्या, पुन्हा टाकतं. घरचे वैतागतात, पण धरलेलं हवं तेव्हा सोडणं ही पकडण्यापेक्षा अवघड विद्या आहे, आणि ते तिचाच सराव करत असतं. त्याला एक डबा आणि त्यात टाकायला मोठाले ठोकळे द्या.

आता एक प्रयोग. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मूठ आवळून पाहा. जोर लागत नाही ना? मनगट किंचित मागे कललेलं असेल तरच बोटांत ताकद येते. म्हणून मुलांना टेबलाइतकंच उभ्या पृष्ठभागावरही रेघोट्या मारू द्याव्यात: भिंतीला चिकटवलेला मोठा कागद, फळा, ओल्या ब्रशने रंगवायची भिंत. तिथे मनगट आपोआप मागे कलतं आणि खांद्यालाही काम मिळतं. खांदा डळमळीत असेल तर बोटं स्थिर राहत नाहीत. लटकणं, रांगणं, ढकलणं हीसुद्धा अक्षराचीच तयारी.

खडू द्यायचा तर तुटका द्या. बोटभर लांब खडू मुठीत धरता येतो, पेराएवढा तुकडा चिमटीतच धरावा लागतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला अनामिका आणि करंगळीखाली कागदाचा छोटा बोळा धरून चित्र काढायला सांगा. दोन बोटं आधाराला राहतात, तीन काम करतात. पेन्सिलीची पकड हीच.

बाकी साहित्य घरात पडलेलंच असतं. स्पंज पिळणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, जुना कागद फाडणं, भिजवलेल्या पिठाच्या गोळीला आकार देणं, डब्यांची झाकणं फिरवणं. झाकण फिरवताना एक हात धरतो, दुसरा फिरवतो. कात्रीचंही तसंच. आधी अरुंद पट्ट्या द्याव्यात, एका कचक्यात तुकडा पडेल अशा. सरळ रेघेवर कापणं बहुतेकांना चौथ्या वर्षाच्या आसपास जमतं. कात्री बोथट टोकाची असावी, आणि मूल डावखुरं असेल तर डाव्या हाताचीच. उजव्या हाताची कात्री डावीकडे नीट कापत नाही, आणि बोल मात्र मुलाला बसतो.

तीन वर्षांखालच्या मुलाजवळ मणी, छोटी बटणं अशा वस्तू ठेवू नयेत, घशात अडकतात. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबकं तर कुठल्याच लहान मुलाच्या हाती लागता कामा नयेत. ती गिळली गेल्याची शंका जरी आली, तरी थेट रुग्णालय गाठावं.

वयाचे टप्पे मुलागणिक काही महिने पुढेमागे होतात. गोल तिसऱ्या वर्षी, अधिकचं चिन्ह चौथ्या, त्रिकोण पाचव्या, असा ढोबळ अंदाज. पण पहिल्या वाढदिवसाआधीच बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसरा सतत मुठीत मिटलेला असेल, किंवा येत असलेली गोष्ट करेनासं झालं असेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शाळेच्या वयात चमचा, बटण, खडू या सगळ्यांशीच झगडा चालू असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाची, खरोखर मदत होते.